वीस फुटांवर एक फूट

द्रोणागिरी स्थानकात अजून सगळंच कोरं आहे. खारकोपर ते उरण हा लोकलचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, म्हणजे इथल्या रुळांना गंज चढायलाही पुरता वेळ मिळालेला नाही. जुन्या रेल्वेची हौस असलेल्याने इथे रेंगाळण्यात अर्थ नाही. त्याने नेरूळला उतरावं, ठाण्याची गाडी धरावी आणि तिथून कर्जत लोकलने नेरळ गाठावं. (नेरूळहून नेरळला जायचंय असं सांगितलं की समोरचा एकदा तरी ‘कुठून कुठे?’ विचारतोच.) नेरळच्या मोठ्या लाइनला खेटून माथेरानला जाणारे जे रूळ दिसतात त्यांच्यातलं अंतर फक्त दोन फूट. लोकलचे रूळ साडेपाच फुटांचे, त्यामुळे शेजारची ही जोडी खेळण्यातली वाटते. ‘टॉय ट्रेन’ हे नाव त्यातूनच चिकटलं असणार. मला ते आवडत नाही. ही गाडी जे काम करते ते खेळण्याचं नाही.

बोरघाट हा आपल्याकडे अवघड चढाचा मापदंड. तिथला कमाल चढ सदतीस फुटांवर एक फूट, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. माथेरानचा चढ वीस फुटांवर एक फूट आहे. दार्जिलिंगला चढ आवाक्यात ठेवण्यासाठी गाडी मागेपुढे करत झिगझॅग चढवतात. निलगिरीत रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. माथेरानला यातलं काही नाही. डोंगराच्या कडेने वळत वळत गाडी सुमारे साडेसातशे मीटर चढते, तेही निव्वळ चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर. पोलादावर पोलाद, त्यात सकाळचं दव किंवा ओला पाचोळा. चाक जागच्या जागी फिरू लागलं की रुळावर वाळू सोडायची, हा शंभर वर्षांपूर्वीचा उपाय अजून बदललेला नाही.

ही लाइन सरकारने बांधली नाही. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यातून १९०४ ते १९०७ या काळात, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून ती उभी राहिली. २२ मार्च १९०७ रोजी ती वाहतुकीला खुली झाली. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वेवाले तेच हे. बार्शी आणि माथेरान या महाराष्ट्रातल्या दोन लाडक्या छोट्या गाड्यांमागे एकाच माणसाचं डोकं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

इंजिनं आली जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून. क्रमांक ७३८ ते ७४१, अशी चार. त्यांची खरी गंमत पोटाखाली होती. चढावर पकड हवी म्हणून तिन्ही आसांना जोर द्यायला हवा, पण सरळ चौकटीत घट्ट बसवलेले तीन आस माथेरानच्या वळणावर अडकणार, रूळ खाणार, नाहीतर उतरणार. यावर ‘क्लीन-लिंडनर’ पद्धतीचा आस हा तोडगा होता. पुढचा आणि मागचा आस दुहेरी असे. आत एक भरीव दांडा, त्यावर एक पोकळ नळी. चाकं नळीला जोडलेली आणि इंजिनाचे जोडदांडे आतल्या दांड्याला. मधोमध एक गोलाकार सांधा, त्यातून आरपार गेलेली पिन. आतला दांडा आपल्या जागी फिरत राही आणि नळी चाकांसकट थोडी तिरपी होऊन वळण घेई. जोरही पोचला आणि वाकणंही जमलं. मात्र हा सांधा झिजला की तो उघडून, मोजून, पुन्हा बसवणारा कारागीर लागतो, आणि तो काही कॅटलॉगमधून मागवता येत नाही.

जुनं इंजिन चालवणं म्हणजे काय, याची कल्पना डिझेलच्या जमान्यात येत नाही. डिझेल चावी फिरवली की सुरू होतं. वाफेच्या इंजिनाला गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी उठवावं लागतं. आधी काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची, कारण पाणी कमी असताना आग पेटवली तर भट्टीचं छतच जळतं. मग विस्तव, तोही हळूहळू. घाईने तापवलं तर पत्रे कमीजास्त फुगतात आणि सांध्यांतून गळती लागते. तेवढ्या वेळात बेअरिंगांना तेल, राख काढणं, वाळूच्या पेटीत वाळू कोरडी आहे ना ते बघणं. घाटात निघाल्यावर फायरमनला पुढचं वळण आधीच ठाऊक असावं लागतं, कारण आत्ता टाकलेल्या कोळशाची वाफ काही मिनिटांनी मिळते. तहान भागवायची सोय वाटेतल्या ‘वॉटर पाइप’ स्थानकात होती. उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. डब्याडब्यावर ब्रेकमन उभे असत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळत.

वाफ इथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मालवली. त्या चारांपैकी एक इंजिन नेरळला चौथऱ्यावर आहे, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. ७४० क्रमांकाचं तर थेट ब्रिटनमधल्या हौशी मंडळींकडे पोचलं. त्या देशात हा प्रकार मोठा आहे. वेल्समधली टालिलिन ही दगडाच्या खाणीची छोटी लाइन बंद पडायला आली, तेव्हा १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती हातात घेतली. शनिवार-रविवारी तिकिटं फाडणारे, कोळसा ओढणारे, रूळ बदलणारे सगळे बिनपगारी. आपल्याकडे रेल्वे सरकारी, नियम कडक, त्यामुळे हौशी माणसाने फोटो काढावा आणि घरी जावं. वाफेची चालती इंजिनं सांभाळायचं काम इथे रेल्वेच करते. हरियाणातल्या रेवाडीचं १८९३ मधलं शेड त्यासाठी जपलेलं आहे.

मध्य रेल्वेने अलीकडे माथेरानच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा साज चढवला. धुराडं, गोल बॉयलर, सगळं वरवरचं. मुलं खूश होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला वारसा म्हणणं हे नव्या नवरदेवाला पिकल्या मिशा लावण्यासारखं आहे. माथेरानमधली खरी जुनी वस्तू म्हणजे खुद्द ती वाट, ते चढ आणि ती वळणं. आणि ती चालू ठेवणारे लोक.

ही वाट दर पावसाळ्यात परीक्षा घेते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात ती वाहून गेली आणि २००७ मध्ये, शंभरी भरता भरता, पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली आणि परत सुरू करताना एअर ब्रेक आले. २०१९ च्या पावसाने पुन्हा माती धुऊन नेली, ती नेरळपासूनची सेवा २२ ऑक्टोबर २०२२ लाच परतली. मधल्या काळात तारेच्या जाळ्यांत दगड भरून उतारांना आधार दिला गेला. इतकं होऊनही लाइन मोडीत निघाली नाही, याचं कारण भावनिक नसून व्यवहारी आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. तिथून पुढे घोडा, पूर्वी हातरिक्षा, अलीकडे ई-रिक्षा, नाहीतर पायपीट. म्हणून नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंतची जेमतेम तीन किलोमीटरची शटल पावसाळ्यातही चालते, माणसांसोबत पार्सलही नेते. खालचा घाट पावसात बंद असतो तेव्हाही हा तुकडा जिवंत राहतो. जुन्या रेल्वेला रोजचं काम असलं की तिच्या दुरुस्तीला पैसे मिळतात. नुसत्या कौतुकावर त्या फार टिकत नाहीत.

दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका-शिमला २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. माथेरान अजून बाहेर आहे. यादीत जायचं तेव्हा जाईल. त्याआधी होण्यासारखी एक स्वस्त गोष्ट आहे. नेरळचं शेड आठवड्यातून एक दिवस तिकीट लावून लोकांना दाखवावं. चौथऱ्यावरच्या इंजिनाखाली खड्डा करून पायऱ्या द्याव्यात, एक आस कापून त्यातला सांधा उघडा ठेवावा, आणि समजावून सांगायला शेडमधलाच एखादा निवृत्त फिटर बसवावा, मानधन देऊन.