ब्रिटनबाहेरचे ब्रिटिश

ता. ३१ जानेवारी २०२० च्या रात्रीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें. जकात, व्यापार, मासेमारी यांची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. परंतु जे ब्रिटिश नागरिक निवृत्त होऊन स्पेनच्या किनाऱ्यावर राहिले होते, किंवा जर्मनी-फ्रान्समध्यें नोकरीधंदा करीत होते, त्यांच्या बिऱ्हाडांचें काय झालें, इकडे आपल्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

माघारीच्या करारानें ३१ डिसेंबर २०२० ही रेषा आंखली. त्या दिवशीं जो ज्या देशांत कायदेशीरपणें राहत होता, त्याचा तेथें राहण्याचा व काम करण्याचा हक्क टिकला; सलग पांच वर्षें भरलीं कीं तो कायमचा होतो. फ्रान्स, नेदरलँड्स इत्यादि तेरा देशांनीं मात्र त्यासाठीं अर्जाची सक्ती केली. स्पेन-जर्मनींत हक्क आपोआप मिळाला, कागद तेवढा पुराव्यापुरता. शिवाय हा हक्क त्या एका देशापुरताच. पूर्वीं लिस्बनमध्यें राहणारा इंग्रज वाटेल तेव्हां बर्लिनला जाऊन नोकरी धरी. आतां त्याला तेथें परक्याप्रमाणें परवाना मागावा लागतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना अधिक लागेल ती घरच्या माणसांची गोष्ट. आश्रित आईबापांस मागाहून जवळ आणण्याची मुभा करारांत आहे. पण २०२० नंतर लग्न केलेल्याच्या पत्नीस ती नाहीं. उलट, म्हातारी आई इंग्लंडांत आजारी म्हणून फ्रेंच पत्नीसह परतूं पाहणाऱ्यास जुन्या सवलतीची मुदत २९ मार्च २०२२ पर्यंतच होती. पुढें मिळकतीची अट आली. ती एप्रिल २०२४ मध्यें वार्षिक १८,६०० पौंडांवरून २९,००० वर गेली. आई कीं पत्नी, असा हा पेंच!

मताधिकाराची कथा तर चमत्कारिकच. १९८४ पासून फ्रान्समध्यें राहणाऱ्या एका ब्रिटिश बाईचें नांव तेथील मतदार यादींतून निघालें. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशीं राहिल्यामुळें मायदेशींही तिला मत नव्हतें. ती न इकडची, न तिकडची. लक्झेंबर्गच्या न्यायालयानें ९ जून २०२२ रोजीं निकाल तिच्याविरुद्धच दिला. ब्रिटननें पंधरा वर्षांची अट १६ जानेवारी २०२४ रोजीं काढली खरी. पण २०१६ च्या सार्वमताच्या वेळीं तीच अट होती, आणि ज्यांच्या संसाराचा निकाल लागायचा होता त्यांपैकीं कित्येकांना मतच देतां आलें नव्हतें.

ब्रिटिश पारपत्र घेऊन युरोपांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही हेंच सर्व लागू झालें; कारण परदेशाचें नागरिकत्व घेतांच भारताचें संपतें.