जहाजाचा ठिपका फोनवर दिसतो, खाडीचं दुखणं का दिसत नाही?

मी बीडचा. आपल्याकडे समुद्र नाही, पण आपला कापूस परदेशी जायचा म्हटलं की जहाज आलंच. फोनवर मरीनट्रॅफिक ॲप उघडा आणि मुंबई बंदरावर झूम करा. रंगीत बाण सरकताना दिसतील. प्रत्येक बाण म्हणजे एक बोट.

हे दिसतं कसं?

जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजांना ते सक्तीचं आहे. चालत्या जहाजातून दर २ ते १० सेकंदांनी ते आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओवर सांगत राहतं. किनाऱ्यावरचे अँटेना हे सिग्नल पकडतात आणि नेटवरून आपल्यापर्यंत पोचवतात. जहाज पाण्यात किती बुडालंय हेही त्यात असतं. पण ती माहिती खलाशी हाताने भरतात, त्यामुळे चुकूही शकते.

मग अडचण काय?

मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरं जिथे आहेत, तिथेच ठाण्याची खाडी समुद्राला मिळते. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं, आणि भरती-ओहोटी तर सारखा गाळ आणून टाकते. म्हणून तळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो. उपसताना पाणी गढूळ होतं आणि तळाचे जीव उखडले जातात.

याच खाडीत वरच्या बाजूला २०१५ पासून १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर हे पक्षी पोट भरतात.

७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं मुंबईजवळ एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कांदळवनं माखली, मासेमारी थांबली. एआयएस तेव्हाही सक्तीचं होतं. म्हणजे नुसता ठिपका दिसून भागत नाही.

ज्यांचा ठिपकाच नाही त्यांचं काय?

छोट्या होड्या, मासे, चिखल या ॲपवर दिसत नाहीत. आता थोडं बदलतंय. २०२२ मध्ये बीएनएचएसने इथल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले. ऑगस्ट २०२४ मध्ये मासेमारी बोटींवर इस्रोचे सुमारे १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली.

माझ्या मते खरं काम पुढे आहे: हे सगळे नकाशे एकावर एक ठेवणं. पक्षी कुठे आणि कधी खातात, मासे अंडी कधी घालतात, होड्या कुठून जातात हे कळलं, तर गाळ कधी उपसायचा आणि जहाजाने वेग कुठे कमी करायचा हे ठरवता येईल. बंदर बंद करायची गरज नाही, वेळापत्रक जुळवायचं आहे.

आता ॲपवर एखाद्या बाणावर टॅप करा आणि त्याचा वेग बघा. मग सॅटेलाइट नकाशावर शेजारची हिरवी पट्टी शोधा. ती कांदळवनं आहेत. दोन्ही एकाच पाण्यावर जगतात.