पवनचक्क्या तेलाच्या दिमतीला

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे 140 किलोमीटर आत, उत्तर समुद्रात 11 पवनचक्क्या तरंगत असतात. तळ 260 ते 300 मीटर खोल. तिथे खांब रोवणं परवडत नाही, म्हणून त्या नांगरून ठेवल्या आहेत. ‘हायविंड टँपेन’ हा 88 मेगावॉटचा प्रकल्प. त्याचं उद्‌घाटन ऑगस्ट 2023मध्ये झालं. ही वीज कुठल्या गावाला जात नाही. ती जाते स्नोरे आणि गुलफाक्स तेलक्षेत्रांतल्या पाच प्लॅटफॉर्मना, आणि त्यांची साधारण एक तृतीयांश गरज भागवते.

प्लॅटफॉर्मवरचे पंप आणि कॉम्प्रेसर एरवी गॅसच्या टर्बाइनवर चालतात. देशाच्या उत्सर्जनाचा जवळपास चौथा हिस्सा तेल-वायू उत्पादनातूनच येतो. तिथे वाऱ्याची वीज आली, की आकडा खाली येतो. निर्यात झालेलं तेल जिथे जळेल, तिथल्या देशाच्या खात्यात त्याचा धूर मांडला जातो. हा सोयीचा हिशेब धरून दिलेल्या बॅरेंट्स समुद्रातल्या तेलशोधाच्या परवान्यांविरुद्ध पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर 2020मध्ये हरले. परवाने कायम राहिले.

घरी मात्र नॉर्वे हिरवागार. वीज बहुतांश धबधब्यांची आणि 2024मध्ये विकल्या गेलेल्या दर 10 नव्या मोटारींपैकी जवळपास 9 विजेवरच्या. तेल आहे ते विकायला!

पण नव्या विहिरी खोदायचा धोका कंपन्या का पत्करतात? उत्तर करात सापडतं. तेल कंपन्यांच्या नफ्यावर 78 टक्के कर आहे, पण शोधाचा खर्चही त्याच हिशेबात वजा होतो. विहीर कोरडी निघाली, तर तोट्याचा मोठा वाटा सरकारच्या गळ्यात. धोका असा वाटून घेतला, की ड्रिलिंगला हुरूप येणारच. त्यात युक्रेन युद्धानंतर नॉर्वे युरोपचा सर्वांत मोठा वायू पुरवठादार झाला आणि थांबा म्हणणाऱ्यांचा आवाज क्षीण झाला. शेजारच्या डेन्मार्कने 2020मध्ये नवे परवाने बंद केले खरे, पण त्याच्याकडे सोडण्यासारखं तेलही थोडंच होतं.

हिरव्या विजेलाही जमीन लागते. फोसेन भागातल्या पवनचक्क्यांचे परवाने रेनडिअर पाळणाऱ्या सामी आदिवासींच्या हक्कांवर गदा आणतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर 2021मध्ये लागला. पाती फिरतच राहिली, पुढे नुकसानभरपाईचे करार झाले. आता हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया वायू प्रकल्पाला ग्रिडची वीज द्यायचं ठरलंय. त्यासाठी उत्तरेकडच्या फिनमार्क प्रांतात पवनचक्क्यांना जागा हवी आहे आणि मोकळी दिसणारी ती माळरानं रेनडिअरची कुरणं आहेत.