१९५७ जर्मन ग्रांप्री

१९५७ जर्मन ग्रांप्री ही ४ ऑगस्ट १९५७ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग सर्किटवर झालेली फॉर्म्युला वन मोटार शर्यत होती. त्या वर्षीच्या जागतिक विजेतेपद मालिकेतील ही आठपैकी सहावी शर्यत. आर्जेन्टिनाचा चालक हुआन मनुएल फांजिओ याने मासेराती २५०एफ मोटारीतून ती जिंकली. इंधन व टायरसाठी थांबल्यामुळे हातची गेलेली आघाडी त्याने अखेरच्या काही फेऱ्यांत परत मिळवली. या विजयाने त्याचे पाचवे जागतिक विजेतेपद निश्चित झाले. फांजिओच्या कारकिर्दीतील हा २४ वा आणि शेवटचा ग्रांप्री विजय होता.

पार्श्वभूमी

१९५६ चे विजेतेपद फांजिओने फेरारी संघाकडून मिळवले होते. त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत, मोंझा येथे, त्याची मोटार नादुरुस्त झाली तेव्हा त्याचा तरुण इंग्लिश सहकारी पीटर कॉलिन्स याने स्वतःची मोटार त्याला देऊ केली. असे करताना कॉलिन्सने स्वतःला असलेली विजेतेपदाची संधी सोडून दिली. पुढील वर्षी फांजिओ मासेराती संघात गेला. कॉलिन्स फेरारीतच राहिला आणि त्याचा जिवलग मित्र माइक हॉथोर्न त्याच संघात आला. १९५७ मध्ये आर्जेन्टिना, मोनॅको व फ्रान्स येथील शर्यती जिंकून फांजिओ गुणतालिकेत पुढे होता. त्या वेळी त्याचे वय ४६ वर्षे होते.

आयफेल डोंगराळ प्रदेशातील न्युर्बुर्गरिंगची एक फेरी २२.८१ किलोमीटरची होती. जंगलातून चढउतार करीत जाणाऱ्या या रस्त्याला दीडशेहून अधिक वळणे होती. काही उंचवट्यांवर मोटारीची चाके जमिनीवरून उचलली जात. एक फेरी पूर्ण करण्यास नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागे. रेडिओ संपर्क नसल्याने संघाने दाखवलेला फलक चालकाला फेरीतून एकदाच दिसे, आणि त्यावरील माहितीही मागील फेरीची असे. या शर्यतीच्या निकालात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

मासेरातीचा डाव

एकूण अंतर २२ फेऱ्यांचे, म्हणजे सुमारे ५०२ किलोमीटर होते. फेरारीच्या मोटारी टाकी पूर्ण भरून, मध्ये न थांबता हे अंतर कापणार होत्या. मासेरातीच्या टायरांचा शेवटपर्यंत टिकाव लागण्याची शक्यता कमी होती. त्यामुळे फांजिओने निम्म्या टाकीनिशी सुरुवात करावी, हलक्या मोटारीच्या बळावर आघाडी घ्यावी आणि अर्ध्या शर्यतीनंतर थांबून इंधन भरावे व मागील टायर बदलावेत, असे ठरले. हा हिशेब जुळण्यासाठी थांबण्यात जाणारा वेळ आधीच कमावलेला असणे आवश्यक होते.

सराव सत्रात फांजिओने ९ मिनिटे २५.६ सेकंदांची वेळ देऊन पोल पोझिशन मिळवली. पहिल्या रांगेत त्याच्यासोबत हॉथोर्न, मासेरातीचाच जाँ बेहरा आणि कॉलिन्स होते.

शर्यत

सुरुवातीला हॉथोर्न व कॉलिन्स पुढे गेले. तिसऱ्या फेरीत फांजिओने दोघांनाही मागे टाकले आणि नंतर प्रत्येक फेरीत अंतर वाढवत नेले. बारा फेऱ्या पूर्ण करून तो पिटमध्ये शिरला तेव्हा आघाडी सुमारे अर्ध्या मिनिटाची होती. मात्र चाके बदलण्याचे काम रेंगाळले; चाकाचा एक नट घरंगळत मोटारीखाली गेल्याचे सांगितले जाते. तो पुन्हा रस्त्यावर आला तेव्हा दोन्ही फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे निघून गेल्या होत्या. मासेरातीचा हिशेब चुकला होता.

टाकी भरलेली आणि टायर नवे असल्याने पहिल्या एक-दोन फेऱ्यांत अंतर फारसे घटले नाही. फेरारीच्या गोटात विजय जवळपास निश्चित मानला गेला असल्यास नवल नाही. त्यानंतर फांजिओने वेग वाढवला आणि फेरीचा विक्रम वारंवार मोडला. अनेक वळणे आपण नेहमीपेक्षा एक गिअर वरचा ठेवून घेतली, असे त्याने पुढे सांगितले. यामुळे वळणातून बाहेर पडताना मोटारीचा वेग अधिक राहतो. परंतु चाके घसरल्यास सावरण्यास वाव कमी उरतो. धोक्याची जाणीव फेरारीच्या पिटला झाली तरी ती चालकांपर्यंत पोहोचण्यास पुढची फेरी यावी लागे, आणि तेवढ्या वेळात अंतर आणखी काही सेकंदांनी घटलेले असे.

विसाव्या फेरीत फांजिओने ९ मिनिटे १७.४ सेकंदांची वेळ नोंदवली. रिकाम्या रस्त्यावरील त्याच्या स्वतःच्या पोल वेळेपेक्षा ती ८.२ सेकंदांनी, तर १९५६ मधील त्याच्याच विक्रमापेक्षा २४.२ सेकंदांनी कमी होती. एकविसाव्या फेरीत त्याने प्रथम कॉलिन्सला गाठले. वर्षभरापूर्वी त्याला मोटार देणारा हाच चालक. त्याला मागे टाकल्यावर त्याच फेरीत एका डाव्या वळणावर आतील बाजूने तो हॉथोर्नच्याही पुढे गेला. हॉथोर्नने शेवटपर्यंत पाठलाग सोडला नाही.

निकाल

फांजिओने ३ तास ३० मिनिटे ३८.३ सेकंदांत, ताशी सुमारे १४३ किलोमीटरच्या सरासरी वेगाने शर्यत पूर्ण केली. हॉथोर्न ३.६ सेकंदांनी मागे राहिला. कॉलिन्स तिसरा, फेरारीचाच लुइजी मुस्सो चौथा, व्हॅनवॉलचा स्टर्लिंग मॉस पाचवा व बेहरा सहावा आला. दोन आठवड्यांपूर्वी एन्ट्री येथे मॉस व टोनी ब्रुक्स यांनी जिंकलेली ब्रिटिश व्हॅनवॉल या खडबडीत रस्त्यावर निष्प्रभ ठरली. फॉर्म्युला टू मोटारीही याच शर्यतीत धावल्या. त्यांच्या गटात पोर्शचा एडगर बार्थ पहिला आला.

यानंतर

आपण पूर्वी कधीही असे मोटार चालवली नव्हती आणि पुन्हा तशी चालवण्याची इच्छा नाही, अशा आशयाचे उद्गार फांजिओने या शर्यतीविषयी काढले. मोसमातील उरलेल्या दोन्ही शर्यतींत तो मॉसच्या मागे दुसरा आला. ६ जुलै १९५८ रोजी रांस येथील फ्रेंच ग्रांप्रीनंतर त्याने निवृत्ती घेतली. त्याच शर्यतीत मुस्सोचा अपघाती मृत्यू झाला. चार आठवड्यांनी, ३ ऑगस्ट १९५८ रोजी, न्युर्बुर्गरिंगवरील जर्मन ग्रांप्रीत कॉलिन्स मृत्युमुखी पडला. हॉथोर्न त्या वर्षीचा जगज्जेता झाला, त्याने लगेच शर्यतींना रामराम ठोकला आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमधील रस्ते अपघातात त्याचाही अंत झाला. पहिल्या चारांपैकी एकटा फांजिओ वृद्धत्वापर्यंत जगला. १९९५ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पाच विजेतेपदांचा त्याचा विक्रम २००३ मध्ये मिखाएल शूमाखरने मोडला.