इथिओपियातील भोजनपरंपरा आणि अतिथिशिष्टाचार

इथिओपियातील भोजनपरंपरा म्हणजे पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया या देशातील खाद्यपदार्थ, उपवास, कॉफीपान आणि आतिथ्य यांच्याशी निगडित रूढींचा समुच्चय होय. या देशात अनेक वंश, भाषा व धर्म नांदतात. अफार व सोमाली भागांतील पशुपालकांचे अन्न आणि दक्षिणेकडील एनसेट या केळीसदृश वनस्पतीच्या बुंध्यापासून केली जाणारी 'कोचो' ही भाकरी यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः उत्तर व मध्य पठारी प्रदेशातील आणि राजधानी अदिस अबाबा येथील चालीरीतींचा विचार केला आहे, कारण बाहेरून येणाऱ्या व्यक्तीचा संबंध प्रथम त्यांच्याशीच येतो.

पठारावरील लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवतात. मराठीतील 'हबशी' हा शब्द याच मुळाचा आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर आणि खडकी (नंतरचे औरंगाबाद) या शहराचा संस्थापक मलिक अंबर (मृत्यू १६२६) हा जन्माने इथिओपियन होता.

इंजेरा

इंजेरा हे रोजचे अन्न आहे. ते टेफ नावाच्या तृणधान्यापासून करतात. टेफचा दाणा खसखशीइतका बारीक असतो. पिठात पाणी व आधीच्या आंबवणाचे पाणी घालून ते दोन-तीन दिवस आंबवतात. त्यातील थोडे पीठ शिजवून पुन्हा मुख्य पिठात मिसळतात व मग 'मितद' नावाच्या रुंद मातीच्या तव्यावर कडेपासून मध्याकडे गोलाकार ओततात. वर झाकण ठेवून एकाच बाजूने भाजल्यामुळे वरच्या पृष्ठभागावर असंख्य छिद्रे पडतात. त्यांना अम्हारिक भाषेत 'डोळे' म्हणतात आणि इंजेऱ्याची पारख त्यांवरूनच होते. मराठी वाचकाला आंबोळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र इंजेरा आकाराने परातीएवढा, अधिक मऊ व बराच आंबट असतो. टेफमध्ये ग्लूटेन नसते, त्यामुळे त्याला पाश्चात्त्य देशांत मागणी वाढली. टेफच्या पिठावरील प्रक्रियेचे एकस्व एका डच कंपनीने मिळवले होते. ते २०१८ मध्ये हेग येथील न्यायालयाने रद्दबातल ठरवले. शतकानुशतके घरोघरी होत आलेल्या कृतीवर परक्याचा हक्क सांगितला जावा, याचा इथिओपियात मोठा रोष होता.

इंजेऱ्यावर निरनिराळी 'वत' म्हणजे दाट रस्से वाढतात. त्यांचा पाया म्हणजे बारीक चिरून प्रथम तेलाशिवाय, मंद आचेवर दीर्घकाळ परतलेला कांदा, लाल मिरची व इतर मसाल्यांचे 'बर्बेरे' हे मिश्रण आणि मसाले घालून कढवलेले 'निटर किबे' हे तूप. कोंबडी व उकडलेली अंडी घातलेले 'दोरो वत' सणासुदीला करतात. मसूरडाळीचे 'मिसिर वत' आणि हरभरा, वाटाणा अशा कडधान्यांच्या पिठाचे 'शिरो' हे रोजचे पदार्थ होत. शिरो हा पिठल्याचा जवळचा नातलग म्हणता येईल.

उपवास

इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या अनुयायांचे प्रमाण २००७ च्या जनगणनेनुसार सुमारे ४३.५ टक्के होते. या पंथाचे उपवास समजल्याशिवाय तेथील आहार समजत नाही. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस वगळता प्रत्येक बुधवार व शुक्रवार उपवासाचा असतो. ईस्टरपूर्वीचा 'अबिय त्सोम' ५५ दिवसांचा, तर ऑगस्टमधील 'फिलसेता' १६ दिवसांचा असतो. याखेरीज नाताळापूर्वीचे व इतर उपवास धरले, तर सामान्य भाविकाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे १८० दिवस येतात. काटेकोर पाळणारे लोक दुपारपर्यंत अन्नपाणी घेत नाहीत.

'त्सोम' या शब्दाचे भाषांतर 'उपवास' असेच होते, परंतु महाराष्ट्रातील उपवास आणि त्सोम यांचे नियम जवळजवळ उलटे आहेत. एकादशीला दूध, दही, तूप चालते आणि धान्य, डाळी, कांदा, लसूण वर्ज्य असतात. त्सोममध्ये धान्य, डाळी, कांदा व लसूण यांना मज्जाव नाही. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप असे प्राण्यापासून मिळणारे सर्व काही मात्र निषिद्ध असते. माशांविषयी भाविकांतच मतभेद आहेत.

शाकाहारी पाहुण्याच्या दृष्टीने हा भेद फार उपयोगाचा आहे. 'मी मांस खात नाही' या वाक्याचा अर्थ तेथे अनेकदा 'आज खात नाही' असा घेतला जातो आणि कधी कधी कोंबडीला मांसात धरलेच जात नाही. त्याऐवजी 'त्सोम' असे सांगितले, की यजमानाला किंवा उपाहारगृहातील वाढप्याला नेमके काय वर्ज्य आहे ते कळते. 'ये-त्सोम बेयायनेतु' म्हणजे एकाच इंजेऱ्यावर वाढलेल्या डाळी, पालेभाज्या, कोबी-बटाटा, बीट इत्यादींचे उपवासाचे ताट. बुधवारी व शुक्रवारी ते जवळजवळ सर्वत्र मिळते. इतर दिवशी शिरोसारख्या पदार्थातही तूप असू शकते आणि 'बोझेना शिरो' या नावाच्या प्रकारात चक्क मांस असते, तेव्हा केवळ 'शिरो' हे नाव ऐकून निश्चिंत होऊ नये. कांदा-लसूण न खाणाऱ्या व्यक्तीची मात्र या स्वयंपाकात खरोखरच अडचण होते. तिला भाजलेले जव ('कोलो'), फळे आणि स्वतः रांधलेले अन्न यांवरच बहुधा भागवावे लागते.

मांस आणि धर्म

उपवास सुटला की मांसाहाराला उधाण येते. गुरागे लोकांचा 'किटफो' म्हणजे बारीक कापलेले कच्चे गोमांस, तूप व 'मितमिता' ही तिखट पूड. किंचित गरम केलेल्या प्रकाराला 'लेब लेब' म्हणतात. लग्नकार्यात कच्च्या मांसाचे मोठे तुकडे वाढण्याचीही पद्धत आहे. कच्च्या गोमांसातून पट्टकृमींचा संसर्ग होतो, हे तेथील लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. 'कोस्सो' या वृक्षाची फुले जंतावरचे औषध म्हणून परंपरेने घेतली जात. पाहुण्याने शिजवलेले मांस मागितल्यास यजमान सहसा रागावत नाही.

ख्रिस्ती व मुस्लिम समाज शेजारी शेजारी राहतात, एकमेकांच्या लग्नांना जातात, परंतु परंपरेने एकमेकांच्या हातचे मांस खात नाहीत. दोहोंचे खाटीक वेगळे असतात. त्यामुळे मिश्र समारंभात दोन स्वतंत्र स्वयंपाक होतात. डुकराचे मांस ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही खात नाहीत.

पंगत आणि गुर्शा

जेवण 'मेसोब' या विणलेल्या टोपलीवजा मेजाभोवती, एकाच मोठ्या ताटात होते. प्रथम यजमान किंवा घरातील धाकटे माणूस हातावर पाणी घालते. उजव्या हाताने इंजेऱ्याचा तुकडा तोडून त्यात वत धरून घास घ्यायचा असतो. बोटे चाटणे आणि दुसऱ्याच्या समोरचे अन्न ओढणे असभ्य मानतात. जेवत असलेला माणूस नव्याने आलेल्यास 'एनिब्ला' म्हणजे 'जेवू या' असे म्हणतो. आपल्याकडील 'या जेवायला' प्रमाणेच हे बोलणे कधी मनापासूनचे, तर कधी केवळ रीतीचे असते.

'गुर्शा' म्हणजे स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात भरवलेला घास. तो आदर व जिव्हाळा यांचे चिन्ह असून बराच मोठा असतो. उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनांत वाढलेल्या भारतीय पाहुण्याला तो अवघड वाटतो, परंतु नाकारल्यास यजमानाचे मन दुखावते. एका घासावर सहसा थांबत नाहीत. ज्याला आहाराचे निर्बंध आहेत त्याने ते ताट येण्यापूर्वीच सांगावेत. हात तोंडाशी आल्यावर सांगणे उभयतांना अवघडल्यासारखे होते.

कॉफी

इथिओपिया ही अरेबिका कॉफीची मूळ भूमी होय. घरी कॉफी करणे हा तासा-दीड तासाचा विधी असतो आणि तो बहुधा गृहिणी करते. जमिनीवर ताजे गवत अंथरून धूप लावतात. हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजतात व तो धूर वास घेण्यासाठी पाहुण्यांसमोर फिरवतात. बिया कुटून 'जेबेना' या चिंचोळ्या मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि कान नसलेल्या लहान कपांत वरून धार धरून ओततात. त्याच चोथ्यावर तीनदा पाणी घालतात. पहिली फेरी 'अबोल', दुसरी 'तोना', तिसरी 'बेरेका'. बेरेका म्हणजे आशीर्वाद. तिच्यापूर्वी उठून जाणे बरे दिसत नाही, म्हणून घाईच्या दिवशी कॉफीचे आमंत्रण न स्वीकारणेच श्रेयस्कर. सोबत कोलो किंवा मक्याच्या लाह्या असतात. काही भागांत कॉफीत साखरेऐवजी मीठ किंवा लोणी घालतात.

नाव, दिनांक आणि वेळ

इथिओपियन व्यक्तीला आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. त्यामुळे पंतप्रधान अबिय अहमद यांचा उल्लेख 'पंतप्रधान अबिय' असाच होतो. 'अहमद' म्हणणे म्हणजे त्यांच्या वडिलांना हाक मारणे होय. पुरुषास 'अतो' व विवाहित स्त्रीस 'वेझेरो' ही उपाधी पहिल्या नावाआधी लावतात.

इथिओपियन वर्षात तीस दिवसांचे बारा आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असतो. नववर्ष ११ सप्टेंबरला (ग्रेगरीय लीप वर्षाच्या आदल्या वर्षी १२ सप्टेंबरला) सुरू होते. वर्षांक ग्रेगरीय गणनेपेक्षा सात किंवा आठने कमी असतो. इथिओपियाने २००० साल सप्टेंबर २००७ मध्ये साजरे केले. घड्याळाची मोजणी सूर्योदयापासून होते. सकाळी सातला तेथे 'एक' वाजतो आणि दुपारी बाराला 'सहा'. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या जुन्या भारतीय पद्धतीशी याचे साम्य आहे. विमानाची तिकिटे आंतरराष्ट्रीय वेळेनुसार असतात, पण बसचालक, दुकानदार किंवा जेवायला बोलावणारे यजमान स्थानिक वेळ सांगण्याचा संभव अधिक. 'तीन वाजता या' असे आमंत्रण मिळाल्यास ते सकाळी नऊचे की दुपारी तीनचे, हे तेथल्या तेथे विचारून घ्यावे लागते.