गिअर बदलताना ओढ का तुटते?

वाघोलीच्या केसनंद फाट्यावरच्या कोंडीत एएमटी गाडी ओळखू येते: गिअर बदलला की आतल्यांच्या माना पुढे झुकतात. कारण तिचा गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच. क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं मोटर किंवा हायड्रॉलिक दाब करतो. क्लच सुटला की क्षणभर चाकांकडे ताकद जातच नाही.

गंमत अशी, २०१४ मध्ये सेलेरिओने आपल्याकडे स्वस्त केलेलं हे तंत्र आधी श्रीमंतांचं होतं. १९९७ मध्ये फेरारीने ते एफ३५५ मध्ये दिलं. स्टीअरिंगमागचं पातं ओढलं की गिअर बदले. तिथे तो झटकाही रुबाबात खपला!

ऑटोमॅटिकचं पोट वेगळं. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. आतला एक क्लच सुटतो तेव्हाच दुसरा पकडतो, म्हणून ओढ तुटत नाही. पूर्वी तेलाच्या घसरणीत बरीच ताकद वाया जाई. आता वेग आला की कन्व्हर्टर लॉक होतो. म्हणूनच २०१७ च्या बीएमडब्ल्यू एम५ ने ड्युअल क्लच (सम आणि विषम गिअरांना वेगळे क्लच) सोडून आठ गिअरांचा ऑटोमॅटिक घेतला.

चाकणला बनणारी व्हर्टस २०२२ मध्ये आली, तीही या दोन्ही प्रकारांत: १ लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, १.५ लिटरला सात गिअरांचा ड्युअल क्लच. दोन क्लचांमुळे बदल झटपट. पण कोंडीत सरपटताना ते कोरडे क्लच तापतात. रोज वाघोलीच्या नगर रस्त्याने जाणाऱ्याला मी १ लिटरचीच सुचवेन.