मुरबाडचे मूरबार

आसनगाव ओलांडल्यावर येणाऱ्या आटगाव स्थानकाच्या फलकावर गावाचे नाव रोमन अक्षरांत ज्या रीतीने लिहिले आहे, त्याच रीतीने ते तिकिटावर, वेळापत्रकात आणि सरकारी दप्तरात यावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते; परंतु एका नावाचे लेखन एकच असावे ही कल्पना खुद्द इंग्रजांच्याच देशात सतराव्या शतकात दृढ झालेली नव्हती.

१६७५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर, जुन्नरच्या मोगल अंमलदाराने वैद्याची मागणी केल्यावरून, मुंबईहून कल्याण आणि मुरबाड या वाटेने सह्याद्री चढून गेला. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये लंडनला छापला गेला. त्यात कल्याण हे 'गुलियन' होते आणि मुरबाड हे 'मूरबार'. या अज्ञानाला आपण हसतो, पण ते हसणे अन्यायाचे आहे, कारण फ्रायरच्या पिढीचे इंग्रज आपल्या घरच्या शब्दांनाही याहून निराळी वागणूक देत नव्हते.

शेक्सपिअरच्या ज्या सहा स्वाक्षऱ्या निर्विवाद मानल्या जातात, त्यांपैकी एकीतही आज रूढ असलेले लेखन नाही. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजीचा पहिला एकभाषिक शब्दकोश छापला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरच 'शब्द' या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन तऱ्हांनी लिहिला गेला. यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपे समजली जात आणि शब्दारंभी व्ही, मध्ये यू असा रिवाज असे. त्यामुळे 'अप' व्हीने सुरू होई आणि 'हॅव' मध्ये यू येई. छापखान्यातला जुळारी ओळ भरण्यासाठी शब्दाच्या शेवटी एखादा अनुच्चारित ई खुशाल बसवी. पुढे छापखान्यांनी हळूहळू लेखन स्थिर केले आणि १७५५ च्या जॉन्सनच्या कोशाने त्यावर प्रतिष्ठेची मोहर उठवली.

नियम नसेल तेथे लेखक कानावर विसंबतो, आणि म्हणूनच फ्रायरचे 'गुलियन' मला मोलाचे वाटते. इंग्रजीत शब्दारंभीचा क किंचित महाप्राण उच्चारला जातो. आपला निखळ अल्पप्राण क त्या कानाला ग सारखा भासतो, आणि कल्याणचा आरंभ ग ने होतो. मुरबाडच्या अखेरचा ड जीभ उलटी वळवून उच्चारावा लागतो. तसा वर्ण इंग्रजीत नसल्याने परक्या माणसाला त्यात र ऐकू आला. कंपनीच्या पत्रव्यवहारात शिवाजीमहाराजांचे नाव 'सेवाजी' असे येते; तेथेही तऱ्हेतऱ्हेची अक्षरे योजली असली, तरी ऐकलेला ध्वनी पकडण्याची धडपड स्पष्ट दिसते. आपली माणसे ही नावे कशी उच्चारीत, याचा परक्याच्या हातून झालेला हा पंचनामाच आहे.

आपल्या घरातही हीच कथा आहे. 'नाहीं', 'घरांत', 'केलें' यांवरील अनुस्वार कोणे एके काळी नाकातून खरोखर उच्चारले जात. उच्चार लोपला, टिंब मागे राहिले, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. शाळकरी मुलांचा त्रास त्यामुळे कमी झाला, हे मला मान्य आहे. परंतु जुने ग्रंथ पुन्हा छापताना ही टिंबे पुसून टाकण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला साफ नामंजूर आहे, कारण सप्तमीच्या प्रत्ययाचा आणि नपुंसकलिंगाचा इतिहास त्या टिंबांतच साठलेला आहे.

मोडीची गोष्ट आणखी नाजूक आहे. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. शहापूर-मुरबाडकडील एखाद्या घरातील जुने खत देवनागरीत उतरवताना लिप्यंतरकार आजच्या नियमांनुसार इकार-उकार दुरुस्त करतो आणि गावांची, शेतांची, माणसांची नावे आपल्या समजुतीप्रमाणे सरळ करून टाकतो. त्याने मूळ अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत आणि आपली सुधारणा शेजारी, निराळ्या ओळीत लिहावी.